चर्चमध्ये वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी पाकीट, पासबुक आणि पॉलिसीचा हिशोब

रविवारची दुसरी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपत आली होती. घोषणा वाचताना फादर म्हणाले, "आपले ऑर्गन वाजवणारे मास्तर हॉस्पिटलात आहेत. अँजिओप्लास्टीचा खर्च मोठा आहे. आज दाराशी दोन पेट्या ठेवल्या आहेत." मी तेव्हा मास्तरांच्याच स्टुलावर बसलो होतो. स्टूल त्यांच्या उंचीला लावलेलं होतं, माझे पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते. लोकांनी हात सैल सोडून पैसे टाकले. तरी बिलाच्या निम्मी रक्कमसुद्धा जमली नाही. उरलेल्या पैशांसाठी मास्तरांच्या पत्नीनं, आमच्या काकींनी, पाटल्या मोडल्या.

मास्तरांनी त्या चर्चमध्ये एकतीस वर्षं वाजवलं. त्या काळात त्यांना पैसे मिळालेच नाहीत असं नाही. मिळाले, पण पाकिटातून मिळाले आणि घरखर्चात विरून गेले. वही नव्हती, विमा नव्हता, बाजूला टाकलेलं काही नव्हतं. "देवाचं काम आहे, देव बघेल," असं ते म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. माझीही श्रद्धा आहे. पण देव बघतो तो माणसांच्या हातून, आणि त्यातले पहिले हात आपलेच असतात.

नव्यानं कीबोर्ड, व्हायोलिन, गिटार किंवा तबला घेऊन चर्चमध्ये बसणाऱ्या, क्वायर (गायकवृंद) चालवणाऱ्या, लग्न-सणांना गाणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. माझा अनुभव वसई-मुंबईच्या कॅथोलिक चर्चचा आहे. नगर-पुण्याच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत फादरांच्या जागी पाळकसाहेब असतील आणि पॅरिश कौन्सिलच्या जागी कमिटी, पण पैशाचं गणित फारसं बदलत नाही.

पहिली पायरी: वर्षाची वही

आपली मिळकत महिन्याची नसते, वर्षाची असते. नोकरदाराचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही तो यामुळेच. आपलं उत्पन्न चर्चच्या पंचांगावर चालतं. नाताळनंतर राखेच्या बुधवारापर्यंत लग्नांचा हंगाम असतो, मग सगळं एकदम थंड. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या प्रायश्चित्तकाळात लग्नं जवळजवळ होतच नाहीत. ऑर्गनही त्या दिवसांत फक्त गायनाला आधार देण्यापुरता वाजतो, आणि पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर ईस्टरच्या जागरणविधीतल्या ग्लोरियापर्यंत तो अनेक चर्चमध्ये मुकाच राहतो. २०२६ चं उदाहरण घ्या. राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. म्हणजे साडेसहा आठवडे लग्नाचं पाकीट नाही. मे महिन्यात पुन्हा थोडी लग्नं येतात, आणि लगेच जून उभा राहतो: पाऊस, शाळेच्या फिया आणि रिकामे शनिवार.

म्हणून एक साधी वही घ्या. तारीख, काय वाजवलं, कोणाकडून, किती, रोख की यूपीआय. एवढे पाच रकाने पुरतात. वर्षभर लिहिलं की चित्र दिसतं. समजा, पॅरिशचं, म्हणजे आपल्या चर्चचं, मानधन महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२,०००. बारा मुलांची शिकवणी, प्रत्येकी ८०० रुपये, वर्षातले दहा महिने, म्हणजे ९६,०००. तीस लग्नं, प्रत्येकी ३,५००, म्हणजे १,०५,०००. सण, नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना), जयंत्या मिळून २७,०००. एकूण तीन लाख, म्हणजे महिन्याला सरासरी २५,०००.

आता याच माणसाचा जानेवारी बघा. मानधन आणि शिकवणीचे १५,६०० आणि बारा लग्नांचे ४२,००० मिळून ५७,६०० रुपये हातात. मार्चमध्ये मात्र नुसते १५,६००. जानेवारीत तो स्वतःला साठ हजारांचा माणूस समजतो, हप्त्यावर गाडी घेतो, आणि मार्चमध्ये उसने मागत फिरतो. मी हे स्वतः केलंय, म्हणून कळकळीनं सांगतोय.

यावर उपाय दोन खात्यांचा. सगळी कमाई एका खात्यात जमा करायची, पाकिटातली रोखसुद्धा, त्याच आठवड्यात. त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवायचं. दर महिन्याच्या १ तारखेला तिथून घरखर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम वळवायची. वरच्या उदाहरणात ती २०,००० धरा. हा तुमचा पगार, आणि तो तुम्हीच तुम्हाला द्यायचा. जानेवारी असो की मार्च, रक्कम तीच. वर्षाला उरणारे ६०,००० हे विमा, अडचण आणि म्हातारपण यांचे. पुढचा सगळा लेख त्या साठ हजारांबद्दल आहे.

दुसरी पायरी: मानधनाचं बोलणं

आपल्याकडे सगळ्यात अवघड ही पायरी. वेदीसमोर बसून वाजवायचं आणि ऑफिसात जाऊन पैशाचं बोलायचं, याची लाज वाटते. ती वाटायचं कारण नाही. नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढून वाचा. मंदिरातल्या लेव्यांना आणि गायकांना त्यांचे वाटे दिले गेले नाहीत, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. नहेम्यानं त्यांना दोष दिला नाही. त्यानं अधिकाऱ्यांना विचारलं, देवाच्या मंदिराची अशी आबाळ का झाली? आणि गायकांना परत आणून आपापल्या जागी उभं केलं.

कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही हे आहे. कलम २३१ म्हणतं की चर्चच्या विशेष सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांना, स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा भागतील असा योग्य मोबदला मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेची व आरोग्याची तजवीज व्हावी हाही त्यांचा हक्क आहे. हे कलम फादरांच्या तोंडावर फेकायला नाही. आपण काही वावगं मागत नाही, हे आपल्यालाच कळावं म्हणून ते माहीत असावं.

बोलायचं कसं? सण-नाताळच्या धावपळीत नको. जूनमध्ये वेळ मागून घ्या आणि सरळ सांगा, "फादर, मी रविवारच्या दोन मिस्सा, आठवड्याचा सराव आणि सणाचे नऊ दिवस सांभाळतो. हे सगळं एका पत्रात लिहून मिळालं तर बरं होईल. मानधन किती, कुठल्या तारखेला, आणि मी आजारी पडलो तर काय, एवढंच." प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती असावी लागते, त्यामुळे विषय तिथे जाईल. जाऊ द्या. तिथे बसणारी माणसं बहुतेक बँकेतली, शाळेतली असतात. लेखी आणि मोजकं मागणं त्यांना लवकर कळतं.

त्याच बैठकीत आणखी एक विचारायचं. पॅरिशच्या किंवा धर्मप्रांताच्या कर्मचाऱ्यांसाठी गटविमा आहे का, आणि असल्यास त्यात वादकाचं नाव घालता येईल का? हप्ता तुम्ही भरायची तयारी दाखवलीत तर होकार मिळणं सोपं जातं. मात्र गटविमा नोकरीबरोबर जातो. सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागता येते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ (दावा करता येण्याआधी थांबायचा काळ) वाया जात नाही. हे लक्षात ठेवा. शाळेत संगीतशिक्षक असाल तर तिथल्या विम्यालाही हेच लागू.

जे मानधन घेतच नाहीत, केवळ सेवा म्हणून येतात, त्यांना माझा नमस्कार. पण विमा त्यांनाही लागतोच.

तिसरी पायरी: अडचणीचा पैसा

सहा महिन्यांचा घरखर्च. नोकरदाराला तीन महिने सांगतात, आपल्याला सहा, कारण आपले कोरडे महिने कॅलेंडरवर छापलेलेच असतात. एकदम जमणार नाही. दोन हंगाम लागतील, लागू द्या.

हा पैसा ठेवायचा कुठे, याबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या भागात यात घोळ होतो. बँकेतल्या ठेवींना सरकारी ठेवविम्याचं संरक्षण आहे: ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाला, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत. सहकारी बँकाही यात येतात. वसईतली १९१८ साली स्थापन झालेली बेसिन कॅथोलिक बँक काय, मुंबईतल्या आपल्या लोकांनी उभ्या केलेल्या इतर बँका काय, नियम एकच. पण गावोगावच्या पतपेढ्या म्हणजे बँका नव्हेत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतपेढी ओळखीची असते, संचालक आपल्याच क्वायरमध्ये बास गात असतो, व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं. तिथे थोडे पैसे जरूर ठेवा, कर्जाला ती उपयोगी पडते. मात्र हॉस्पिटलच्या दारात ज्या पैशावर भिस्त ठेवायची, तो बँकेतच हवा.

चौथी पायरी: आरोग्य विमा

सुरुवात सरकारी योजनेपासून करा. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून पिवळ्या आणि केशरीच नव्हे, तर पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली झाली आहे. केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे, यादीत ठरवून दिलेले उपचार. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार त्यात आहेत. आमच्या मास्तरांचं कार्ड पांढरं होतं आणि काळ आधीचा होता, म्हणून त्यांना ती मिळाली नाही. आज मिळाली असती. गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तिचं कार्ड काढून ठेवा. घरात कोणी सत्तरीपुढचं असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, ५ लाखांचं. आई-वडिलांसाठी ही फार मोठी सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ती चालू आहे आणि तरीही आपल्या चर्चमधल्या कितीतरी आजी-आजोबांनी ते कार्ड काढलेलं नाही.

आजारी पडायच्या आधी, एखाद्या सोमवारी, आपल्या जवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते जाऊन बघून या. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग जुळतं का? आपल्या लोकांची आडनावं पोर्तुगीज वळणाची, आणि रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरंच. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. स्ट्रेचरवर असताना ते होत नाही.

मग खासगी पॉलिसी कशाला? कारण सरकारी योजना ठरलेल्या हॉस्पिटलांत आणि ठरलेल्या उपचारांपुरती चालते. जवळचं चांगलं हॉस्पिटल यादीत नसेल, किंवा तापानं चार दिवस ठेवावं लागलं, तर बिल आपलंच. म्हणून दोन्ही हवेत.

किती रकमेची घ्यावी? माझं मत सांगतो. कुटुंबाची एकत्र ५ लाखांची मूळ पॉलिसी, आणि तिच्यावर १५ ते २० लाखांचा सुपर टॉप-अप. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षभरातली सगळी बिलं मिळून ५ लाखांची रेघ ओलांडली की तिथून पुढे देणारी पॉलिसी. तिचा हप्ता मूळ पॉलिसीच्या मानानं बराच कमी असतो. साधा टॉप-अप घेऊ नका, तो प्रत्येक बिलाला ती रेघ वेगळी मोजतो. तीन लाखांची दोन बिलं आली तर सुपर टॉप-अप लाख देईल, साधा काहीच देणार नाही. आई-वडिलांना आपल्या पॉलिसीत ओढू नका, त्यांची वेगळी काढा. एकत्र काढली तर हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो.

सगळ्यात साधी पॉलिसी हवी असेल तर आरोग्य संजीवनी मागा. एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना एकाच साच्याची ही पॉलिसी द्यावी लागते, त्यामुळे तुलना सोपी. तिच्यात प्रत्येक बिलाचे ५ टक्के आपल्याला सोसावे लागतात आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा असते.

ही खोलीची मर्यादा नीट समजून घ्या. इथे भलेभले फसतात. समजा पॉलिसीत खोली दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत आहे आणि तुम्ही ८,००० ची घेतलीत. मनात येतं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं होत नाही. खोली ज्या प्रमाणात महाग, त्या प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार यांनाही कात्री लागते. या खर्चाचे १,६०,००० झाले असतील तर पाच अष्टमांश, म्हणजे १,००,००० मिळतील. साठ हजार खिशातून, आणि खोलीचा फरक वेगळा. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही कात्री लागत नाही, हाच काय तो दिलासा. म्हणून भरती होताना पहिला प्रश्न विचारायचा: माझ्या पॉलिसीत बसणारी खोली कुठली? शक्य असेल तर थोडा जास्त हप्ता भरून खोलीची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या.

आता प्रतीक्षाकाळ. नवी पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे अशा ठरावीक दुखण्यांना जास्त काळ थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारासाठी एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे, पूर्वी ४८ होता. म्हणून विमा पंचविशीत घ्यायचा, काही दुखत नसताना. तीन वर्षं आपोआप निघून जातात.

आणि लपवायचं नाही. आमच्या क्वायरमधल्या एका टेनरला एजंटानं सांगितलं, "बीपीची गोळी फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल." त्यानं लिहिली नाही. दुसऱ्या वर्षी पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हॉस्पिटलच्या कागदावर डॉक्टरांनी "सहा वर्षांपासून रक्तदाब" असं लिहिलं, कारण त्यांना तो खरं बोलला होता. दावा फेटाळला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. फॉर्म स्वतः वाचा, स्वतः भरा. रक्तदाब, साखर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, तंबाखू, दारू, सगळं लिहा. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणुकीचं कारण सोडून कंपनीला "तुम्ही सांगितलं नव्हतं" असं म्हणता येत नाही. पण ती पाच वर्षं अशी भीतीत काढायची गरजच काय? पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस ती परत करायची मुभा असते. त्या ३० दिवसांत एक संध्याकाळ बसून ती वाचा.

पॉलिसी जानेवारीत काढा, हे मात्र खास आपल्या धंद्यातलं शहाणपण. नूतनीकरणाची तारीख दरवर्षी तीच येते. एजंट मार्चमध्ये मागे लागतात. आपला मार्च म्हणजे प्रायश्चित्तकाळ, खातं रिकामं. मार्चमधली पॉलिसी असेल तर ती एक-दोन वर्षांत बंद पडण्याची भीती जास्त. जानेवारीत लग्नांचे पैसे ताजे असतात. मी वर्षाच्या मिळकतीतले सहा टक्के आरोग्य विम्यासाठी धरतो. वरच्या उदाहरणात १८,००० रुपये. तारीख चुकली तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्याच्या पुढे जाऊ देऊ नका. एकदा खंड पडला की प्रतीक्षाकाळ पुन्हा शून्यापासून. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. पूर्वी १८ टक्के होता. कोणी अजून जुना आकडा सांगत असेल तर पावती मागा.

भरती व्हायची वेळ आली तर कॅशलेसची (बिल कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरण्याची) मंजुरी कंपनीनं तासाभरात द्यायची असते आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. हे नियम २०२४ पासूनचे आहेत. विम्याच्या टेबलावर ते शांतपणे आठवण करून द्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जायचं.

पॉलिसी जे देत नाही: कान, गळा, हात

आपलं शरीर हेच आपलं दुकान. आणि त्यातल्या नेमक्या महत्त्वाच्या भागांचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही, कारण त्यासाठी हॉस्पिटलात राहावं लागत नाही. मनगटाची फिजिओथेरपी, गळ्याच्या गाठींसाठीचे आवाजाचे व्यायाम, कानाचं यंत्र. यासाठी वर्षाला पाच-सहा हजार वेगळे ठेवा.

कानाबद्दल जास्त सांगतो. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षित रेघ मानतात, आणि आवाज जसा वाढतो तसा हा वेळ झपाट्यानं खाली येतो. लग्नाच्या हॉलमध्ये ड्रमच्या झांजेशेजारी बसणारा कीबोर्डवाला ती रेघ कधीच ओलांडून गेलेला असतो. गेलेला कान परत येत नाही. संगीतकारांसाठीचे कानातले बोळे मिळतात, ते वापरा, आणि दोन वर्षांतून एकदा कानाची तपासणी करा. मी चाळिशीत पहिल्यांदा केली. उजव्या कानाचा आलेख वरच्या पट्टीत खाली घसरलेला होता. माझ्या उजव्या हाताला बावीस वर्षं ड्रम होते.

पाचवी पायरी: अपघात आणि माघारी राहणारी माणसं

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा वाजवून दीड वाजता बाइकवरून घरी जाणारे आपण. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो, वय १८ ते ७०. जीवनज्योती वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा देते, ती १८ ते ५० वयात घेता येते. दोन्ही बँकेतच मिळतात.

पण वादकाला यापेक्षा एक गोष्ट जास्त लागते. हात मोडला की जीव जात नाही, कायमचं अपंगत्वही येत नाही, पण दोन महिने मिळकत बंद. साध्या सरकारी विम्यात त्याला काही नाही. खासगी अपघात विम्यात "तात्पुरतं पूर्ण अपंगत्व" नावाचा भाग असतो, तो काम बंद असेपर्यंत आठवड्याला ठरलेली रक्कम देतो. पॉलिसी घेताना हा भाग आहे ना, एवढं बघून घ्या.

लग्न झालं असेल, मूल असेल, तर वार्षिक मिळकतीच्या दहा-पंधरा पट टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. बचत आणि विमा एकत्र देणाऱ्या पॉलिसी घेऊ नका. त्यात विमाही तोकडा आणि बचतही तोकडी. टर्म विमा देताना कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि इथेच पाकिटवाले अडतात. म्हणून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य असला तरी विवरणपत्र दरवर्षी भरा. पहिल्या पायरीतली वही इथे कामी येते. कर्ज, अपघाताची भरपाई, परदेशातल्या क्वायर महोत्सवाचा व्हिसा, सगळीकडे तोच कागद मागतात.

कीबोर्ड, ॲम्प्लिफायरचा विमाही मिळतो. बिलं आणि सीरियल नंबरचे फोटो ठेवा.

सहावी पायरी: बोटं थांबतील तेव्हा

ऑर्गनवाला निवृत्त होत नाही, त्याची बोटं होतात. कर भरावा लागत नसेल तर अटल पेन्शन योजना चांगली, वय १८ ते ४०. साठीनंतर महिना ५,००० हवे असतील तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये पडतात, पंचविशीत ३७६, तिशीत ५७७, चाळिशीत १,४५४. क्वायरमधल्या अठरा वर्षांच्या पोरांना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवतो. पुढे नवरा किंवा बायको माघारी राहिली तर तीच पेन्शन तिला चालू राहते.

पाच हजारांत तीस वर्षांनंतर काय येणार, हा प्रश्न बरोबर आहे. म्हणून जोडीला पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी). वर्षाला किमान ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. दरमहा भरायची सक्ती नाही, जानेवारीत जमेल तेवढं भरता येतं, म्हणून ते आपल्या हंगामाला फिट बसतं. त्याच्या पुढचं थोडं म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत (ठरावीक काळानं ठरलेली रक्कम गुंतवण्यात), पण अडचणीचा पैसा उभा राहिल्यावरच. आधी विमा, मग अडचण, मग म्हातारपण. हा क्रम उलटा करू नका.

आता एक फाइल करा. पॉलिस्या, आरोग्य कार्डं, पासबुकांच्या झेरॉक्स, पॅरिशचं पत्र, वही. प्रत्येक खात्यावर वारसाचं नाव आहे का ते बघा. फाइल कुठे आहे हे घरातल्या एकाला आणि क्वायरमधल्या एकाला सांगा. आमच्याकडे प्रत्येकाच्या विमा कार्डाचा फोटो क्वायरमास्तरच्या मोबाइलमध्ये असतो, आणि दोनदा तो रात्रीच्या वेळी उपयोगी पडला.

वर सांगितलेले २० आणि ४३६ रुपये बँक मे महिन्याच्या शेवटी आपणहून वळते करून घेते, कारण त्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं. खात्यात ४५६ रुपये नसले तर संरक्षण गेलं. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या क्वायरच्या ग्रुपवर एक निरोप जातो: शुक्रवारी सरावाला येताना गीतांची वही, पेन्सिल आणि पासबुक घेऊन या.